पुरी झालेली फिल्म पुन्हा उघडणाऱ्या ताई

संघमित्रा रणपिसे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. कासुर्डीत एका लग्नाला आमची साउंड सर्व्हिस होती. खुटबावला घरचा ऊस असूनही मला शेतीपेक्षा स्पीकरचे वेड अधिक. चार भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि एक खिळखिळा टेम्पो एवढ्या भांडवलावर मी स्वतःला पंचक्रोशीचा राजा समजत असे. वरात ऐन रंगात आली होती, पोरे घामाघूम होऊन नाचत होती, आणि एकाएकी सगळे गप्प झाले. मला वाटले, जनरेटर बसला. मागे वळून पाहतो तर सुती साडी नेसलेल्या आणि पायात बूट घातलेल्या एक बाई उभ्या आणि माझी वायर त्यांच्या हातात.

"तुमचंच आहे का हे? थोडा वेळ बंद राहू द्या. पलीकडच्या घरात एक आजी बोलतायत. त्यांचं मला काही ऐकू येईना," त्या म्हणाल्या.

"ओ बाई, लगीन हाय हे, मयत न्हाई!"

"लग्न आहे म्हणूनच सांगतेय. नवरानवरीला अजून सगळं आयुष्य पडलंय. आजींना नाही."

नवरदेवाचे मामा बाह्या सरसावून आले. त्यांच्याशी ताई काय बोलल्या कोण जाणे, पण मामाच वरातीला म्हणाले, "जरा दम खावा रं, पानीबिनी प्या." तेवढ्या अवकाशात ताई मला हाताला धरून पलीकडच्या घरात घेऊन गेल्या आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवले. आजी ओसरीत बसून जात्यावर दळायच्या दिवसांविषयी सांगत होत्या. त्यांचा श्वास, बोलताना वाजणारी बांगडी, शब्द आठवत नसला की जिभेचा होणारा बारीक आवाज, सगळे माझ्या डोक्याच्या आत ऐकू येऊ लागले. मी तोवर आवाज गावभर फेकत आलो होतो. तो असा जपून आतही घेता येतो, हे मला त्या दिवशी कळले. वायर परत लावून वरात पुढे गेली, मला दोन्हीकडून शिव्या पडल्या, आणि पुढच्याच महिन्यात मी भोंगे चुलत भावाच्या गळ्यात घालून ताईंबरोबर निघालो. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक माहितीपटाचा आवाज मी धरला आहे.

ताईंना या वर्षी साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावे, असा निरोप गौरव समितीचे अध्यक्ष आणि शिरूरचे निवृत्त मुख्याध्यापक मोरे सर यांनी धाडला, तेव्हा मी आनंदाने हो म्हणालो. त्या वेळी लेखाचा विषयही ठरलेला होता. ताईंची नवी फिल्म, 'आप्पांचा फळा', पुरी झाली होती. गौरव समारंभात ती पहिल्यांदा जाहीरपणे दाखवायची, त्यानंतर ती परदेशातल्या एका महोत्सवाला जायची, आणि ती कशी तयार झाली हे मी लिहायचे. हॉल ठरला, पत्रिका छापल्या. आता लिहायला बसलो आहे तर फिल्म पुरी राहिलेली नाही. ताईंनी ती परत उघडली आहे. ती पुन्हा पुरी होईल का, आणि वेळेत होईल का, हा घोर मला झोपू देत नाही. मोरे सरांचा तर रक्तदाब वाढला आहे. तेव्हा वाचकांनी या लेखाकडून शांत, समाधानी गौरवाची अपेक्षा ठेवू नये. ज्यांचा गौरव करायचा त्याच जागेवर बसायला तयार नाहीत, तिथे लेखाने तरी का बसावे?

ताईंचा जन्म कवठे येमाईचा. वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, कालव्याच्या कडेने सायकलवरून हिंडत शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळायचे. सुट्टीच्या दिवशी ताई सायकलच्या दांडीवर. चालू पाळी मध्येच तोडायला कोणी कितीही मोठा माणूस आला तरी वडील ऐकत नसत, आणि म्हणून त्यांची बदली ठरलेली. ताईंच्या शाळाही त्यामुळे बदलत राहिल्या. एका जागी रुळेपर्यंत बोचके बांधायची वेळ यायची. पुढे शिरूरला कॉलेज, मग पुण्यात फिल्मचे शिक्षण. वर्गातल्या इतर मुलांनी मुंबईची वाट धरली, ताईंनी शिरूरची एसटी. "मुंबईत गोष्टी सांगणारे भरपूर होते, माझ्याकडं ऐकायच्या राहिलेल्या होत्या," एवढेच त्यांचे यावरचे स्पष्टीकरण.

कांदा निवडणाऱ्या बायकांवरच्या त्यांच्या पहिल्याच माहितीपटाला दिल्लीत पुरस्कार मिळाला. मग भीमेतल्या वाळूवर केलेल्या कामाला मिळाला, मग आणखी मिळत गेले. मानपत्रे आणि मानचिन्हे ठेवायला त्यांच्या घरी कपाट नाही. एक पितळी मानचिन्ह दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेले असते, हे मी स्वतः पाहिले आहे. एकदा एका पत्रकार मुलीने त्यांना विचारले, "या पुरस्काराचं तुमच्या आयुष्यातलं स्थान काय?" ताईंनी दाराकडे बोट दाखवले.

बसणे ही गोष्ट त्यांना माहीत नाही. जेवतात उभ्याने, फोनवर बोलतात ते अंगणात फेऱ्या मारत. एडिटिंगच्या खोलीत खुर्ची असते, पण ती एडिटरची, ताई मागे येरझाऱ्या घालतात आणि मध्येच "थांब!" असे ओरडतात, की एडिटर दचकून भलतेच बटण दाबतो. कॅमेरा लावून झाला, मी माइक लावून घाम पुसला, की हमखास म्हणणार, "बाळासाहेब, तिकडून बघू या का?" मी कुरकुर करतो. त्या ऐकतात आणि तिकडे जातात. मागच्या वर्षी पुण्याच्या दवाखान्यात त्यांच्या हृदयात स्टेंट घातली. डॉक्टरांनी आराम सांगितला. मी भेटायला गेलो तर ताई कॉरिडॉरमध्ये सलाइनचा स्टँड ढकलत, शेजारच्या खाटेवरच्या बाईंची सासुरवासाची गोष्ट ऐकत होत्या.

त्यांच्या मूल्यांविषयी लिहायचे तर आमच्या घरापासून सुरुवात करावी लागेल. ताई पहिल्यांदा खुटबावला आल्या तेव्हा माझे चुलते ओट्यावर होते. गावच्या सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा. पाहुणीची चौकशी करताना त्यांनी दोनदा विचारले, "आडनाव काय म्हनलात?" दुसऱ्यांदा विचारण्याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. ताई हसून म्हणाल्या, "रणपिसे, कवठे येमाईच्या. तुम्ही मनात जे धरलंय ते बरोबर आहे, आबा. आम्ही बौद्ध. आता चहा सांगा, मला घाई आहे." चुलते गोरेमोरे झाले. आईने आतून चहा आणला तो घरातल्या नेहमीच्या कपात आणला, आणि चुलत्यांना दिला त्याच ट्रेमधून दिला. त्यानंतर चुलते ताईंच्या वाटेला कधी गेले नाहीत, पण वाळूवरची फिल्म गावात लागली तेव्हा पहिल्या रांगेत बसून जोरजोरात मान डोलावताना मी त्यांना पाहिले. ताईंना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "डोलावू दे. मान तरी हलली."

ताईंचा एक नियम त्यांच्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांना पाठ आहे. फिल्मचा पहिला खेळ ज्यांच्यावर ती केली त्यांच्या वस्तीत. दिल्ली, पुणे, परदेश सगळे त्यानंतर. खेळ संपला की ताई पडद्यापुढे उभ्या राहून विचारतात, "कुणाचं काही काढायचंय का?" ज्याचे जे दिसले-ऐकू आले, ते त्याने काढा म्हटले की काढायचे. कारण विचारायचे नाही. कांद्याच्या फिल्ममध्ये एका मावशींचे दात मशेरीने काळे झालेले आणि त्या खदखदून हसताहेत, असा एक शॉट होता. इतका जिवंत शॉट मी परत पाहिला नाही. मावशी म्हणाल्या, "लेकीच्या सासरचे बघत्याल, नको." दुसऱ्या दिवशी शॉट गेला. एडिटर दोन दिवस जेवला नाही. ताई मात्र म्हणाल्या, "तो शॉट त्यांच्या तोंडाचा होता. आपला कुठे होता?"

असे असले तरी ताई भोळ्या आहेत, असे कोणी समजू नये. एका गावात (नाव घालायचे नाही, अशी ताकीद आहे) सरपंचांनी कॅमेऱ्यापुढे गावाला नळाचे पाणी आणून देण्याचे छातीठोक वचन दिले होते. गावच्या खेळात स्वतःचेच भाषण ऐकून ते अस्वस्थ झाले. "ताई, माझा तेवढा तुकडा काढा." ताई लगेच म्हणाल्या, "काढते. त्या जागी फक्त एक पाटी येईल, 'इथला भाग सरपंचांच्या विनंतीवरून काढला आहे.' काय काढलंय ते लोक तुम्हालाच विचारतील." सरपंचांनी क्षणभर डोके खाजवले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग." सगळी पोरे शिट्ट्या मारू लागली. नळ आला की नाही, ते सांगायचे तर गावाचे नाव सांगावे लागेल.

आणि माया? ती ताई दाखवत नाहीत, करून मोकळ्या होतात. माझा डावा कान भोंग्यांनी आधीच अर्धा नेला होता. आवाज धरण्याचे काम करणाऱ्या माणसाने हे सांगायचे कुणाला? मी लपवत राहिलो. एकदा ओढ्याकाठी काम चालू असताना ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाळासाहेब, कोंबडीसारखी मान वाकडी करून का ऐकता?" मी काहीबाही बोललो. त्या आठवड्यात त्यांनी मला पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले, आणि परतीच्या वाटेवर यवतला चहा घेताना म्हणाल्या, "एक कान शाबूत आहे ना? मग बास. लोक दोन कान असून ऐकत नाहीत." दुसरा रेकॉर्डिस्ट त्यांनी कधी शोधला नाही. एवढेच की तेव्हापासून त्या माझ्या उजव्या बाजूलाच उभ्या राहतात. बरोबरच्या कुणालाही याचे कारण त्यांनी सांगितलेले नाही. आज मी इथे लिहून टाकले, त्याबद्दल त्या रागावतील.

आता 'आप्पांचा फळा'.

दौंड तालुक्यातल्या एका गावातल्या बौद्ध वस्तीत किसन आप्पा राहत. दौंडच्या रेल्वे लोकोशेडमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्रींच्या हाताखालचे कामगार, म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. प्रवाशांनी गाडीत सोडलेली वर्तमानपत्रे ते ड्यूटीवरून घरी आणत आणि समाजमंदिराच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने त्यातल्या बातम्या लिहीत. वर जगाची बातमी, खाली देशाची, आणि सगळ्यात शेवटी चौकटीत 'वस्तीची बातमी': कुणाची मुलगी दहावी झाली, कुणाच्या म्हशीला रेडकू झाले, कोणत्या बांधावर मजुरी कमी देतात. माणसे कामाला जाताना फळा वाचून जात. वाचता न येणाऱ्यांना पोरे वाचून दाखवत. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले तरी आप्पांचा फळा थांबला नाही. "मोबाईलवर सगळं जग येतं, वस्ती येत न्हाई," ते म्हणायचे.

ताई आप्पांच्या मागे कित्येक वर्षे होत्या. आप्पा बोलायचे सुंदर, थांबत थांबत, तोलून. आम्ही जायचो, ओसरीत कॅमेरा लावायचो, ताई खूण करायच्या आणि मी घरात वर्दी द्यायचो, "मावशी, भांडी थांबवा. कुकर बंद करा. बोलू नका." आप्पांच्या पत्नी अनसूयाबाई सगळे हातातले सोडून चुलीपाशी गप्प बसायच्या. आवाज धरणाऱ्याची ही नेहमीची रीत. जिथे जाऊ तिथे आधी घर गप्प करायचे. असे केल्याशिवाय आप्पांचा एकही शब्द स्वच्छ आला नसता.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. फिल्म कापून तयार होती, गावचा खेळ तेवढा राहिला होता. ताई वेड्यासारख्या झाल्या. "ज्यांचं आहे त्यांनीच पाहिलं नाही. मी आता कुणाला विचारू?" हे एकच वाक्य. मोरे सर समजावत, आप्पांचा मुलगा मिलिंद समजावत. तो कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला असतो. तो म्हणाला, "ताई, बाबांचा तुमच्यावर भरवसा हुता. बिनधास्त दाखवा." ताईंचे समाधान होईना. अखेरीस त्यांनीच तोड काढली: आप्पांच्या जागी अनसूयाबाई फिल्म पाहतील, आणि त्या काढा म्हणतील ते काढायचे.

समाजमंदिरात पडदा लागला. सगळी वस्ती आली, म्हातारीकोतारी खुर्च्यांवर, बाकी सगळे सतरंजीवर. अनसूयाबाई पहिल्या रांगेत, मिलिंदच्या शेजारी. आप्पा पडद्यावर आले तेव्हा लोक रडले, आप्पांनी कोटी केली तेव्हा हसले. मला मनातून हायसे वाटले. फिल्म उत्तमच झाली होती. दिवे लागले, ताई पडद्यापुढे आल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "कुणाचं काही काढायचंय का?"

अनसूयाबाई म्हणाल्या, "काढायचं काय न्हाई. मला एक इचारायचंय."

"विचारा ना मावशी."

"मी कुठं हाय ह्यात?"

मिलिंद हसला. "आये, असं काय करती? हायेस की. बाबांना चहा देती तवा."

"तो माझा हात हाय," अनसूयाबाई म्हणाल्या.

अनसूयाबाईंचा आवाज चढलेला नव्हता, त्या रागावलेल्याही नव्हत्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या सावकाश बोलत राहिल्या. "फळा मी घोटायची. बॅटरीच्या शेलमधला कोळसा फोडून, वाटून, दर आठवड्याला. त्ये जाऊ द्या, घरातलं काम हाय. पर ती खालची चौकट, वस्तीची बातमी, ती मी आणायची. ह्ये तर निम्मं आयुष्य दौंडात. बांधाबांधानं खुरपाय मी जायची, कुणाच्या घरात काय झालं ते मला कळायचं. सांजच्याला मी सांगायची आन् ह्ये लिव्हायचं. तुमी ह्येंना इचारलं, ह्येंनी सांगितलं. मला कुनी इचारलंच न्हाई. तुमी आला का म्हनायचा, मावशी भांडी थांबवा, मावशी बोलू नका. मी आपली बसले गप. इतकी वरसं तुमच्यासाठी गप बसले."

ताई काय करतील याची मला कल्पना नव्हती. पडद्यापुढे उभ्या असलेल्या ताई हळूच खाली सतरंजीवर बसल्या. इतक्या वर्षांत आपण होऊन बसलेल्या त्या मला पहिल्यांदा दिसल्या. त्यांनी विचारले, "मावशी, आता सांगाल का?"

"सांगीन की. पर मला तुकडं तुकडं येत न्हाई सांगाय. पयल्यापासनं सांगीन."

"पहिल्यापासून सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी मोरे सरांना फोन केला. मी समोरच होतो. "सर, समारंभाला फिल्म नाही." पलीकडून सर काय म्हणाले ते मला फोन न धरताही ऐकू आले. पत्रिका छापल्या आहेत, पाहुणे येणार आहेत, परदेशातल्या महोत्सवाने होकार दिला आहे. मग सरांनी मधला मार्ग काढला: अनसूयाबाईंची एक मुलाखत घ्या, दोनचार मिनिटे कुठेतरी जोडा, कुणाला कळणार आहे? ताई अंगणात फेऱ्या घालत म्हणाल्या, "सर, ठिगळ लावलं तर त्यांचा हात होता तिथे तोंड येईल. बाकी सगळी फिल्म तशीच राहील. मी चुकीच्या माणसाला गप्प बसवून फिल्म केली. ती आता पुन्हा करावी लागेल." महोत्सवालाही त्याच दिवशी नकार कळवला. मला वाटले, निदान तो तरी एक दिवस थांबवायचा. पण थांबण्याशी ताईंचे वैर आहे.

त्यांनी मला जुने रेकॉर्डिंग सगळे काढायला सांगितले, साफ न केलेले. मी हेडफोन लावून बसलो. आप्पा सांगताहेत, "त्या साली कालव्याला पाणी आलंच न्हाई," आणि त्यांच्या आवाजाच्या मागे, खूप दूर, चुलीपाशी कोणीतरी पुटपुटते, "आलं हुतं, मागनं गेलं." आप्पा एका बाईंचे नाव आठवायला थांबतात आणि आतून हळूच नाव येते. मग आप्पा जणू आपल्यालाच आठवले असे ते नाव घेतात. जागोजागी आहे. हे सगळे पार्श्वभूमीचा आवाज म्हणून काळजीपूर्वक पुसलेले होते, आणि पुसण्याचे काम इतके चांगले झाले होते की आमच्यातल्या कुणाच्याच ते लक्षात राहिले नाही. मी हेडफोन ताईंना दिले. त्यांनी ऐकले, काढून ठेवले, बूट घातले आणि म्हणाल्या, "चला."

तेव्हापासून आम्ही जमेल तेव्हा सकाळी त्या वस्तीत असतो. आता कोणी कोणाला गप्प बसवत नाही. कुकरच्या शिट्ट्या होतात, कोंबड्या माइकवर चालून येतात, समोरच्या घरात मोबाइलवर गाणी लागतात आणि मी कपाळ बडवून घेतो. अनसूयाबाई कामे करता करताच बोलतात. हात थांबला की त्यांचे बोलणेही थांबते. त्यांना दमा आहे. एक दिवस चांगला गेला की दोन दिवस त्या अंथरुणावर. ताईंना डॉक्टरांनी भेटीला बोलावले आहे, त्या "शूटिंग संपलं की" म्हणतात. एकीकडे स्टेंट आणि एकीकडे दमा, आणि मध्ये मी माइक धरून. आज बाई बोलतील का, ताई जिना नीट उतरतील का, हाच विचार डोक्यात घेऊन मी सकाळी खुटबावहून गाडी काढतो. "ताई, थोडं पुढचं विचारा की. आप्पांचं, फळ्याचं," असे मी एकदा न राहवून म्हणालो. अनसूयाबाईंनीच ऐकले. "मधलं सोडून कसं सांगू?" त्या म्हणाल्या, आणि ताई माझ्याकडे असे पाहू लागल्या की मी माइकची वायर गुंडाळायला लागलो.

समारंभाला ताई येणार आहेत, असे मोरे सरांनी सर्वांना सांगितले आहे. मला ताईंनी जे सांगितले ते असे, "दुपारी येईन. सत्कार होऊ दे, भाषणं आटोपशीर करा. मावशी सांजच्याला पुढचं सांगणार आहेत, तेव्हा वस्तीत मला असायला पाहिजे." ताई पाहुण्यांसाठी थांबणार नाहीत, पाहुण्यांनीच वेळेवर यावे, हे मी आधीच सांगून ठेवतो. फिल्म त्या दिवशी नसेल. ज्यांना फिल्मच पाहायची होती त्यांचा हिरमोड होईल; माझाही झाला आहे, अजूनही होतो. पण त्या संध्याकाळी समाजमंदिरात मी होतो. अनसूयाबाईंना आज ना उद्या विचारू, असे म्हणून ती फिल्म कोणाही दुसऱ्याने पुढे नेली असती. ताईंना ते जमले नाही, आणि ते त्यांना कधीही जमणार नाही, म्हणून मी इतकी वर्षे त्यांच्या मागे फरफटत आलो आहे.

गौरवग्रंथात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते, आणि ते बहुतेक वेळा सवयीने चिंतले जाते. माझे तसे नाही. ताई, तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या. उभ्याने जेवू नका. डॉक्टरांकडे मीच घेऊन जाईन, तारीख मी घेऊन ठेवली आहे. तुम्हाला शंभर वर्षे मिळावीत, आणि त्यातली पुरेशी त्या वस्तीतल्या अनसूयाबाईंनाही मिळावीत, हे मी अगदी जीव तोडून मागतो आहे. कालच्या सकाळपर्यंत त्या सांगत आल्या, तिथे त्यांच्या आईने नुकतीच त्यांच्या हाती पहिली खुरपी दिली आहे. आप्पा अजून यायचे आहेत.